कानद खोऱ्याचा धनी

वेल्ह्याहून केळदकडे निघालेली एसटी पासलीला थांबते, तेव्हा तोरण्याचा डोंगर आभाळ अडवून उभा असतो. खाली कानंदी नदी, तिच्या अंगाने भाताची खाचरे आणि वरच्या उतारावर नाचणी-वरीची शेते. पावसाळ्यात ढग इतके खाली उतरतात की दिवसचे दिवस हा एवढा मोठा डोंगर नजरेलाही पडत नाही. केळदच्या पुढे मढे घाटाची वाट कोकणात, महाडच्या बाजूला उतरते. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० साली याच वाटेने उमरठ्याला नेला, असे या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

सरकारी कागदावर या गावाचे नाव ‘मौजे पासली’ असे पडते. ‘मौजे’ हा शब्द सुलतानांच्या दफ्तरातून आलेला. ज्या राजवटींनी तो आणला त्या बुडाल्या, शब्द मात्र राहिला. तोरण्याचे उलटे झाले. डोंगर तोच राहिला आणि नावे बदलत गेली. शिवाजी महाराजांनी त्याला प्रचंडगड म्हटले, औरंगजेबाने फुतुहुलघैब, भोरच्या पंतसचिवांनी पुन्हा प्रचंडगड. गेल्या चारशे वर्षांत या खोऱ्याने आदिलशाही, स्वराज्य, मोगलाई, संस्थान, इंग्रजी अंमल आणि लोकशाही असे सगळे पाहिले. येणाऱ्या प्रत्येक धन्याला खाचरातल्या कुणब्याकडून भात हवे होते आणि लढाईला माणूस हवा होता. त्यामुळे प्रत्येकालाच एका प्रश्नाचे उत्तर शोधावे लागले: आम्ही तुम्हाला का म्हणून द्यायचे?

तलवार हे त्यावरचे एक उत्तर झाले, पण मावळात ते पुरत नसे. घाटवाटा, जंगले आणि चार महिन्यांचा पाऊस असलेल्या या मुलखात नुसत्या धाकाने सारा वसूल करायचा, तर दर सुगीला नवी फौज धाडावी लागली असती. म्हणून फर्माने आली, शिक्के आले, शपथा आल्या, सिंहासन आले. या खोऱ्यांतले कागद वाचत गेले की एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. राज्याचा हक्क राजधानीत जाहीर होतो, पण तो मान्य होतो गावाच्या वेशीशी, आणि तिथे माणसे दोनच गोष्टी पाहतात: गाऱ्हाणे कोण ऐकतो आणि कणगीतले किती नेतो.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला या भागाचा धनी कागदोपत्री सुलतान होता. प्रत्यक्षात खोऱ्याचा धनी देशमुख असे. रोहिड खोऱ्यात जेधे आणि खोपडे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर आणि कानद खोऱ्यात मरळ. कानदचे मरळ झुंजारराव हा किताब लावत. सुलतानाला या घराण्यांची गरज होती, कारण सारा तेच गोळा करत आणि शिबंदी तेच पुरवत. त्यांना सुलतानाची गरज होती, कारण वतनाचा कागद त्याच्या शिक्क्याशिवाय पक्का होत नसे. दोघांचे असे एकमेकांवर भागत होते.

पण नुसता सुलतानाचा शिक्काही पुरत नसे. वतनाचा तंटा निघाला की गोतसभा बसे. तीत पाटील, कुळकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार, शेजारच्या गावचे जाणते असे सारे असत. साक्षी होत, महजर लिहिला जाई आणि त्यावर कुणब्याची नांगराची, सुताराची त्याच्या हत्याराची अशी निशाणी पडे. साक्षीपुराव्याने भागले नाही तर दिव्य. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने उचलायचा, मग हात पिशवीत घालून तिच्यावर मोहर करायची आणि नेमल्या दिवशी चारचौघांत ती सोडायची. हात शाबूत निघाला तर माणूस खरा. आजच्या माणसाला ही रीत अघोरी वाटेल आणि ती तशी होतीच. तरी तिच्यामागची समजूत ध्यानात घ्यायला हवी. निवाडा दरबारात झाला तरी तो गोताच्या डोळ्यांसमोर आणि देवाच्या साक्षीने व्हावा, तरच तो निवाडा.

या व्यवस्थेत कुणबी कुठे होता? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७च्या सुमारास जिंजीला बसून जी बखर लिहिली, तिच्यात वतनदारांचे जुने वागणे स्वच्छ सांगितले आहे. त्यांनी गावोगाव वाडे, हुडे आणि कोट बांधले होते, प्यादे आणि बंदुका बाळगल्या होत्या. ठरल्यापेक्षा जास्त वसूल करून दिवाणात कमी भरत आणि दिवाणाने विचारले तर भांडायला उभे राहत. हुडा म्हणजे वाड्याचा बुरूज. गावातल्या माणसाला विजापूरचे तख्त कधी दिसत नव्हते. हुडा रोज दिसत होता.

वरचे धनी बदलत होते, तेही भयानक रीतीने. पुण्याची कसबा वस्ती १६३०च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने जाळली, तिच्यावर गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असे पुण्याच्या जुन्या हकिकतींत येते. या जागी आता कोणाचा हक्क उरला नाही, इथे कोणी वसायचे नाही, असे सगळ्यांना दिसेल असे ते जाहीर सांगणे होते. पुढे जिजाऊसाहेब आणि बालशिवाजी पुण्यात आले तेव्हा त्याच भूमीत सोन्याचा फाळ लावून नांगर धरला गेला, अशी आठवण लोकांनी जपली आहे. फाळ खरोखर सोन्याचा होता की त्याला सोन्याचा स्पर्श केला होता, हा वाद इथे महत्त्वाचा नाही. गाढवाच्या नांगराला उत्तर नांगरानेच द्यायचे, हे ज्याला सुचले त्याला रयतेचे मन कळत होते.

दादोजी कोंडदेवांच्या कारभारात पडीक जमिनी लागवडीला आल्या, मावळे वसली आणि दंडेली करणारे देशमुख वठणीवर आणले गेले. या पायावर महाराजांनी आपला हक्क उभा केला. त्यांनी तोरणा नेमका कोणत्या साली घेतला यावर अभ्यासकांत एकमत नाही. १६४६-४७च्या आसपास तो स्वराज्यात आला, असे सामान्यपणे मानतात. किल्ल्याच्या दुरुस्तीत धन सापडले आणि ते समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लागले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. गडावर तोरणजाईचे ठाणे आहे, मेंगाईचे देऊळ आहे. गडावर धन मिळाले म्हणजे देवीने दिले, आणि देवीने दिले म्हणजे तिने हा धनी मान्य केला, असा अर्थ भोवतालच्या गावांनी लावला असेल तर नवल नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मागे उभे राहायला माणसांना अशा कौलाचाही आधार लागतो.

याच काळात कागदांवर एक नवी मुद्रा उमटू लागली. भोवतालच्या दरबारांचे शिक्के फारसीत असताना ही मुद्रा संस्कृतात होती. प्रतिपदेच्या चंद्रकोरीप्रमाणे ही वाढत जाईल, जग तिला वंदन करील, शहाजीचा पुत्र शिवाजी याची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. त्यात सुलतानाचे नाव नाही. शहाजीराजे अजून आदिलशाहीचे सरदार होते, पुण्याची जहागीर आदिलशाहीतलीच होती, आणि तरीही मुद्रेत धन्याचे नाव नाही. तिथे बापाचे नाव आहे, स्वतःचे आहे आणि राज्य कशासाठी आहे याचे कारण आहे. सत्ता कोणी दिली हे सांगण्याऐवजी ती कशासाठी आहे हे सांगणे, हा त्या काळी फार मोठा पालट होता.

पण मुद्रा वाचणारे थोडे होते. गावकऱ्यांना समजेल असा तिचा अर्थ रांझ्याच्या प्रकरणाने लावून दिला.

रांझे हे खेड-शिवापूरजवळचे गाव, आज भोर तालुक्यात मोडते. तिथला मुकादम पाटील बाबाजी भिकाजी गुजर. त्याने पाटील असताना एका स्त्रीशी बदअंमल केल्याची तक्रार महाराजांच्या कानी आली. त्याला पकडून आणले, चौकशी केली, गुन्हा शाबीत झाला. शिक्षा म्हणून त्याचे हात-पाय तोडले आणि पाटिलकी अमानत केली. या प्रकरणाचे पत्र २८ जानेवारी १६४६चे आहे. त्या दिवशी महाराजांना सोळावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

हे पत्र सावकाश वाचण्यासारखे आहे. शिक्षा लोकांच्या लक्षात राहिली, पण पत्र लिहिले गेले ते पुढच्या व्यवस्थेसाठी. बाबाजीच्याच गोतातला सोनजी गुजर पुढे आला. लुळ्यापांगळ्या झालेल्या बाबाजीला सांभाळायची त्याने तयारी दाखवली. शेरणी घेऊन रांझ्याची पाटिलकी त्याला करून दिली आणि पुढे कोणी तिला हरकत करू नये असे लिहून दिले. म्हणजे गावातल्या सर्वांत बळकट माणसाला बाईच्या अब्रूसाठी मोडले, पण पाटिलकी गावाची गावात आणि गोताची गोतातच ठेवली. अपंग झालेल्या गुन्हेगाराच्या पोटाचीही सोय लावली. जुन्या रिवाजाचा धागा न तोडता त्यात एक नवी गोष्ट ओवली गेली: पाटील चुकला तर त्याच्या वर कोणीतरी आहे आणि ते ऐकते. खोऱ्याखोऱ्यांतून ही बातमी किती वेगाने फिरली असेल, याचा अंदाज करायला कागद लागत नाही. ज्या घरात लेकीसुना होत्या त्या प्रत्येक घराला ती आपली बातमी होती.

याच सुमारास इंग्लंडात पहिल्या चार्ल्सचा आणि पार्लमेंटचा झगडा चालू होता. राजाला राज्य देवाने दिले आहे, त्याने जाब द्यायचा तो देवालाच, अशी त्या घराण्याची शिकवण होती. रांझ्याच्या पत्राला तीन वर्षे होतात न होतात तोच, जानेवारी १६४९मध्ये लंडनच्या चौथऱ्यावर त्याच राजाचे डोके उडवले गेले. जगात अनेक ठिकाणी एकाच वेळी राज्याचा हक्क नव्याने तपासला जात होता आणि त्यातले एक ठिकाण मावळ होते.

मावळातली खरी कसोटी १६५९ साली लागली. विजापुरातून अफझलखान निघाला, पण त्याच्या फौजेच्या आधी कागद निघाले. १६ जून १६५९चे अली आदिलशहाचे फर्मान रोहिड खोऱ्यातल्या कारीच्या कान्होजी जेध्यांना आले. शिवाजीच्या बाजूच्या कोणालाही थारा देऊ नका, अफझलखान सांगेल तसे वागा, तो तुमच्याविषयी जी शिफारस करील तिच्यावर तुमची सरफराजी ठरेल, असा त्याचा मतलब. बाकीच्या देशमुखांनाही असाच ताकीद-आग्रह झाला. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला जाऊन मिळाले. जेधे-खोपड्यांचे वैर जुने होते. खानाच्या बळावर आपले वतन पक्के करून घेता येईल, हा हिशेब त्यामागे होता.

कान्होजी फर्मान घेऊन मुलांसह राजगडावर आले आणि त्यांनी ते महाराजांपुढे ठेवले. महाराजांनी त्यांना गळ घातली नाही, उलट धोका बोलून दाखवला. खोपडे गेले, तुम्ही इथे राहिलात तर वतनाला अपाय होईल, जिवावर बेतेल. कान्होजी पूर्वी शहाजीराजांच्या पदरी होते आणि राजांनीच त्यांना मुलाला साथ द्यायला मावळात पाठवले होते. त्या शब्दाची आठवण त्यांनी दिली आणि हातावर पाणी घेऊन वतनावर सोडले. महाराजांनी त्यांना कबिला तळेगाव ढमढेऱ्याला हलवायला सांगितले. ही सारी हकिकत जेध्यांच्या करिन्यात आहे. हा मजकूर लिहिणारे घराणे स्वतःचीच थोरवी सांगते आहे, हे धरून चालावे. तरीही फर्मान अस्सल आहे, आणि जेधे कोणत्या बाजूला उभे राहिले हे इतिहासाने पाहिलेच आहे.

त्या दिवशी राजगडावर दोन प्रकारचे हक्क समोरासमोर आले होते. एका बाजूला दीडशे वर्षांच्या सल्तनतीचा शिक्का, वतनाची हमी आणि धमकी. दुसऱ्या बाजूला माणसाने माणसाला दिलेला शब्द. देशमुखासाठी वतन म्हणजे नुसती जमीन नसते. लग्नातला मान, होळीचा मान, मेल्यावर मुलाला मिळणारे नाव, सगळे वतनात असते. त्यावर पाणी सोडायचे तर समोरच्या धन्यावर किती भरवसा हवा! तेरा वर्षांपूर्वी रांझ्यापासून सुरू झालेल्या कारभाराची ती पावती होती, असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

खोपड्यांचे काय झाले, तेही करिना सांगतो. खानाचा वध झाल्यावर खंडोजी लपले आणि जावई हैबतराव शिळीमकरांच्या मार्फत कान्होजींकडे रदबदलीला आले. कान्होजींच्या शब्दाखातर महाराजांनी जीव घेतला नाही, पण उजवा हात आणि डावा पाय तोडला. दिलेला शब्दही राखला आणि फितुरीची किंमतही वसूल केली. पुढच्या वर्षी घोडखिंडीत बांदलांची माणसे पडली, तेव्हा तलवारीच्या पहिल्या पानाचा जेध्यांकडचा मान बांदलांना दिला गेला. ज्या राज्याकडे वाटायला मोठा मुलूख नव्हता, त्याच्याकडे मान होता. तो कोणाला, कधी आणि कशासाठी द्यायचा यात महाराजांचा हात धरणारा दुसरा राजा दाखवणे कठीण आहे.

यानंतर वतनदारीला हात घातला गेला. सभासद सांगतो की महाराजांनी वतनदारांचे वाडे, हुडे आणि कोट पाडले, त्यांच्या हक्काचे आकडे बांधून दिले आणि त्यांनी रयतेसारखी साधी घरे बांधून राहावे असे ठरवले. जमिनीची पाहणी झाली. पिकाचे पाच वाटे करून तीन रयतेला आणि दोन दिवाणाला असा धारा बसला. नव्याने येणाऱ्या रयतेला बी-बियाणे, गुरेढोरे आणि पोटाला दाणे द्यावेत आणि ते ऐपतीप्रमाणे सवडीने परत घ्यावेत, असेही तो लिहितो. आजच्या हिशेबाने दोन पंचमांश हा धारा जड वाटेल. पण तो ठरलेला होता. कधी आणि किती जाईल याची जी धास्ती हुड्याच्या काळात होती ती गेली, आणि खाचरात राबणाऱ्याला ठाऊक झाले की उरलेले तीन वाटे आपलेच.

मग सिंहासन कशाला हवे होते? मुलूख होता, किल्ले होते, रयत पाठीशी होती. त्याचे उत्तर मावळात मिळत नाही, मावळाबाहेर मिळते. दिल्ली-विजापूरच्या दरबारी लेखी महाराज जमीनदार किंवा बंडखोर होते. बरोबरीच्या मराठा घराण्यांतही आमच्यापेक्षा हे वेगळे कसे, ही भावना होती. राजा नसेल तर त्याने दिलेले इनाम, केलेला तह आणि केलेला निवाडा त्याच्या पश्चात कोण मानणार? चार पातशाह्या नमवल्या तरी तख्त नाही, हे गागाभट्टांचे म्हणणे सभासदाने नोंदवले आहे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याआधी मुंज झाली, विवाहविधी पुन्हा झाले. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या सोहळ्याला हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या भाल्यांवर लावलेली चिन्हे त्याच्या नजरेत भरली. मोठ्या दातांच्या माशाची सोन्याची मस्तके होती, अश्वपुच्छे होती आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू होता. तराजू म्हणजे न्याय, असे त्याने लिहून ठेवले. रांझ्याच्या गावकऱ्याला त्या सोहळ्यातले मंत्र कळले नसते, तो तराजू मात्र नक्की कळला असता.

अकरा दिवसांनी जिजाऊसाहेब गेल्या. पहिल्या अभिषेकात उणे राहिले असे निश्चलपुरी गोसाव्यांचे म्हणणे पडले आणि २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा अभिषेक झाला. दोनदा अभिषेक करून घेणारा हा एकच राजा नव्हता. औरंगजेबही १६५८ आणि १६५९ असा दोनदा तख्तावर बसला. त्याची अडचण निराळी होती. बाप आग्ऱ्याच्या किल्ल्यात कैदेत जिवंत होता आणि बाप हयात असता मुलाच्या नावाने खुतबा वाचायला मुख्य काझीने नकार दिला होता. तोड काढून देणारा अब्दुल वहाब पुढे आला आणि मग खुतबा वाचला गेला. सगळ्या हिंदुस्थानचा खजिना हाती असलेल्या बादशहालाही धर्मशास्त्राचा होकार लागला.

अभिषेकानंतर नावे बदलली. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, डबीर सुमंत, सरनोबत सेनापती. सुरनीस हा सचिव झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार झाला. नवा शक सुरू झाला, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पडली. शिवराईच्या एका बाजूला राजा शिव आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती ही अक्षरे. अंगठ्याच्या नखाएवढ्या अक्षरांत बसवलेले हे नाव बाजारात मीठ-मिरची घेणाऱ्या बाईच्या कनवटीला गेले आणि पेशवाई बुडून इंग्रजी आल्यावरही व्यवहारात टिकून राहिले. रायगडचे तख्त मोडले गेले, पण ते तांब्याचे नाणे कितीतरी पिढ्या हाताळले गेले.

संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ साली रायगड पडला. राजाराम महाराज जिंजीला गेले. आता प्रत्येक खोऱ्यात पुन्हा जुना प्रश्न उभा राहिला, आणि या वेळी उत्तर देणारे दोघे होते. औरंगजेब वतने आणि मनसबी देऊ करत होता. त्याला तोंड द्यायला मराठ्यांकडूनही वतने आणि इनामे लिहून दिली जाऊ लागली. थोरल्या महाराजांनी जे आवरले होते, ते राज्य वाचवण्यासाठी मोकळे सोडावे लागले. ही माघार होती आणि तिची किंमत पुढे शंभर वर्षे मोजावी लागली. त्या काळात राज्य सांभाळणारे रामचंद्रपंत अमात्य यांनी पुढे आज्ञापत्रात बजावून ठेवले की वतनदार हे एक प्रकारे राज्याचे वाटेकरीच असतात. त्यांना दुखवूही नये आणि मोकळेही सोडू नये. हे शहाणपण अनुभवाने आलेले होते.

तोरण्याला १७०४ साली औरंगजेबाने स्वतः वेढा घातला. वय पंच्याऐंशी. आधी राजगड घेऊन त्याचे नाव नबीशाहगड ठेवले होते. बहुतेक किल्ले त्याने पैसे चारून किंवा वाटाघाटीने मिळवले. तोरणा मात्र मार्चमध्ये त्याच्या माणसांनी रात्री दोर लावून, चढून, लढून घेतला. म्हणून त्याला फुतुहुलघैब, म्हणजे दैवी विजय, असे नाव दिले. मुरुंबदेवाच्या डोंगरावर देवीच्या धनाने किल्ला उभा राहिल्याची गोष्ट ज्या खोऱ्यात सांगत होते, तिथेच आता बादशहा आपल्या देवाचा कौल किल्ल्याच्या नावात कोरत होता. ते नाव गावकऱ्यांच्या तोंडी कधीच बसले नाही. काही वर्षांत किल्ला मराठ्यांकडे परत आला आणि नाव गेले.

या मुलखासाठी झुंजणारे त्या काळचे सचिव म्हणजे शंकराजी नारायण. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले त्यांनी मोगलांकडून पूर्वी एकदा सोडवले होते. औरंगजेब १७०७च्या मार्चमध्ये मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादीला दोन धनी झाले. शंकराजींनी राजाराम महाराजांच्या राणी ताराबाईंशी इमानाची शपथ वाहिली होती. शाहू महाराज थोरल्या घरचे, संभाजी महाराजांचे पुत्र. एकीकडे शपथ, एकीकडे वारसा. ज्याच्या हाती या डोंगरांतले किल्ले होते त्याने कोणाला धनी म्हणावे? शंकराजींनी यातले काहीच मोडले नाही. भोरजवळ आंबवड्याला त्यांनी आपला देह ठेवला. त्यांची समाधी तिथे आहे. मराठ्यांच्या इतिहासात लढाईत पडलेल्यांच्या कथा पुष्कळ आहेत. दोन खऱ्या हक्कांच्या कात्रीत सापडून, कोणाशीच बेइमान न होता मरण पत्करणाऱ्या या माणसाची आठवण फार कमी काढली जाते, आणि हे बरे नाही.

शाहू महाराजांनी त्यांच्या लहानग्या मुलाला, नारो शंकर यांना, सचिवपदाची वस्त्रे दिली. कागद तपासणारा सुरनीस महाराजांच्या काळी सचिव झाला होता. तो सचिव आता वंशपरंपरेने मुलखाचा धनी झाला. रोहिड्याजवळचे भोर ही त्याची राजधानी. कंपनी सरकारने १८२० साली साताऱ्याच्या जहागीरदारांशी करार केले, त्यात पंतसचिव होते. दत्तकाचा हक्क न मानता साताऱ्याचे राज्य १८४८ साली खालसा झाले आणि भोर थेट इंग्रजांच्या छायेखाली आले. राज्याचा हक्क आता गोत ठरवत नव्हते आणि गागाभट्टही नव्हते. कलकत्त्याहून आलेला कागद तो ठरवत होता. भोरला पुढे ९ तोफांच्या सलामीचा मान मिळाला. राजवाड्यात रामनवमीचा उत्सव थाटाने होई, आणि रयतेच्या लेखी संस्थानाची ओळख तोफांपेक्षा या उत्सवाने अधिक राहिली. संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पाचांपैकी चार तालुक्यांची नावे किल्ल्यांवरून घेतलेली. तोफा ज्या किल्ल्यांवर केव्हाच थंडावल्या होत्या, त्यांची नावे सचिवांनी सारावसुलीच्या कागदांवर जपली, कारण आपला हक्क रायगडच्या सिंहासनापासून येतो हे त्यांना रोज सांगायचे होते.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५० साली परगणा आणि कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा झाला आणि ज्या देशमुखीवर कान्होजींनी पाणी सोडले होते, तसली देशमुखी कायद्यातून गेली. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पासलीच्या लोकांसाठी तालुक्याचे गाव तेच, कचेरी तीच. निवडून आलेल्या सरकारलाही किल्ल्याचे नाव जवळचे वाटले, यात काही वावगे नाही. या नावाला अजून वजन आहे. मात्र ज्या कारभाराने ते वजन आले त्याची आठवण फलकावर मावत नाही. ती रांझ्याच्या पत्रात आहे.

गावच्या पाटिलकीचे वंशपरंपरागत पद महाराष्ट्राने १९६२च्या कायद्याने बंद केले. महाराजांनी रांझ्याची पाटिलकी सोनजी गुजराला करून दिली होती, त्याला तेव्हा ३१६ वर्षे झाली होती.